साडूंचा कॅमेरा आणि नवापूरची होडी

माझ्या साडूंइतके फोटो काढणारा माणूस तलासरीपासून वसईपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतके कमी फोटो दाखवणाराही सापडणार नाही. लग्न, बारसं, सत्यनारायण, एवढंच काय, माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर मला बघायला आले तेव्हाही त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. आजवर त्यांनी आमचे किती फोटो काढले असतील ते चित्रगुप्तालाच ठाऊक. पण आमच्या घरात त्यांनी काढलेला एकही फोटो नाही. भिंतीवर नाही, अल्बममध्ये नाही, फोनमध्येही नाही. कुणी मागितला की साडू दोन्ही हात वर करतात, भांडण सोडवायला आल्यासारखे, आणि म्हणतात, "थांबा, थांबा. अजून अंडर टेस्ट आहे."

हा त्यांच्या पेशाचा गुण. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहतात बोईसरला, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत काम करतात. तिथे गोळी कितीही गोल आणि गोजिरी दिसली तरी तपासणी होऊन सही पडल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. तोवर तिच्या पिंपावर पिवळी चिठ्ठी. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. आता ही सवय माणसाने संध्याकाळी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी की नाही? साडूंनी ती घरात आणली. त्यांच्या संगणकात फोटोंचे तीन कप्पे आहेत. पिवळा तुडुंब भरलेला आहे, लाल त्याहून तुडुंब, आणि हिरव्यात मी एकदा डोकावलो तर एकच फोटो होता. विटांच्या भिंतीचा. नुसती भिंत, शेजारी चिटपाखरू नाही.

त्या भिंतीचंही एक महाभारत आहे. नवी लेन्स आली की ती आधी भिंतीवर रोखायची, असा त्यांचा नियम. विटांच्या ओळी सरळ असतात, त्यामुळे लेन्स कडेला वाकवते का ते लगेच कळतं. शिवाय चारही कोपऱ्यांतल्या विटा सारख्याच रेखीव यायला हव्यात. फोटोच्या मध्यभागात त्यांना काडीचा रस नाही. "मध्यभागी काय, कुठलीही लेन्स गोडच बोलते. कोपऱ्यात तिचा स्वभाव कळतो," असं ते म्हणतात. तर त्यांच्या सोसायटीच्या कंपाउंडसमोर ते रोज सकाळी तिवई लावून उभे राहू लागले. वॉचमनने काही दिवस बघितलं आणि एकदा भीतभीत विचारलं, "साहब, दीवार में कुछ लफडा है क्या?" साडूंनी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता उत्तर दिलं, "अभी बोल नहीं सकता. टेस्टिंग चालू है." झालं! संध्याकाळपर्यंत सोसायटीभर बातमी पसरली की भिंत पडणार. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली, बिल्डरला फोन गेले, तळमजल्यावरच्या काकूंनी भिंतीलगतची तुळस उचलून बाल्कनीत नेली. सभेत साडूंना खुलासा करायला उभं केलं, तर त्यांनी भिंगाच्या वक्रतेवर असं काही भाषण दिलं की भिंत पडली असती तर बरं झालं असतं, अशा चेहऱ्याने लोकांनी चहा घेतला. सभेत एकच ठराव एकमताने पास झाला: साडूंनी यापुढे भिंतीकडे बघायचं नाही.

बोईसरची हवा लेन्सला मानवत नाही. जवळच समुद्र, त्यात कारखान्यांची वाफ; ओल धरून भिंगाच्या आत बुरशीचे पांढरे धागे पसरतात. बुरशीचं नुसतं नाव काढलं तरी साडूंचा चेहरा उतरतो. म्हणून त्यांच्या लेन्सा तांदळाच्या डब्यात राहतात. औषधाच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या ज्या चिमुकल्या पुड्या निघतात, त्याही ते सगळ्या नातेवाइकांकडून जमवतात. आमच्याकडे आले की पहिल्यांदा माझ्या तब्येतीची आपुलकीने चौकशी होते. पूर्वी मला त्याचं बरं वाटायचं. नंतर लक्षात आलं की ही बाटली संपत आली का, याची चौकशी आहे. एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मेहुणीने तांदूळ काढायला डब्यात वाटी बुडवली आणि वर काढली तर वाटीत पन्नास एमएमची लेन्स. ती न चिडता, सवयीच्या स्वरात मला म्हणाली, "भाऊजी, भात जरा पाच मिनिटं उशिरा. आधी हे पाहुणे बाहेर काढते."

साडू कोरी लेन्स कधी घेत नाहीत. 'फक्त मुलाच्या बारशाला वापरलेली' अशी जाहिरात वाचून ते विकणाऱ्याला बोईसर स्टेशनबाहेर बोलावतात, खिशातून टॉर्च काढून भिंगाच्या पोटात प्रकाश टाकतात, लेन्सचा वास घेतात, मग फोकसची कडी कानाशी धरून हळूहळू फिरवतात. एकदा तिची करकर ऐकून त्यांनी विरारहून आलेल्या त्या भल्या माणसाला विचारलं होतं, "बारसं वाळूत केलंत का?" त्यांचे अभिप्राय ऐकण्यासारखे असतात. एक लेन्स दिवसा गुणी, पण दिवेलागण झाली की चाचपडते. दुसरीची मोटर इतकी बोलकी की मंगलाष्टकांत आपला सूर मिसळेल. एक कॅमेरा हातात बसतो झकास, पण बटणं अशा ठिकाणी आहेत की बनवणाऱ्याला अंगठा नसावा. आणि सगळं दृश्य एका घासात गिळणाऱ्या वाइड लेन्सचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. "वाइड म्हणजे सरकारी योजना हो! सगळ्यांना थोडं थोडं, नीट कुणालाच नाही." हे ते माझ्याकडे बघून म्हणतात, कारण मी पालघरशेजारी कोळगावला जिल्हा मुख्यालयात नोकरीला आहे. वाइड लेन्स त्यांनी कधी घरात येऊ दिली नाही. मी मात्र येतो.

कॅमेऱ्यासमोर माणूस आलेलाही त्यांना खपत नाही. तसे ते माणूसघाणे मुळीच नाहीत; कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन पहिले तेच हजर. पण माणूस श्वास घेतो, पापणी लववतो, हसा म्हटलं की हसतो आणि हसू नका म्हटलं की जास्तच हसतो. तपासणीचा नमुना कसा स्थिर हवा! आमच्या लेकीच्या साखरपुड्यात ते दिवसभर घामाघूम होऊन फोटो काढत होते. शेवटी मी हट्टच धरला, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक दाखवला. समईची वात होती. वातीचा दोरा न् दोरा मोजून घ्यावा अशी. "कड बघा, कड!" साडू म्हणाले. मागे धुक्यात दोन आकृत्या दिसत होत्या, त्या आमची लेक आणि जावई असावेत.

भिंत बंद झाल्यावर साडू दर रविवारी नवापूरच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. कधीकधी मीही जात असे, फोटोंसाठी नव्हे, ताज्या मासळीसाठी. तिथे वाळूत ओढून ठेवलेली एक लाकडी होडी त्यांना सापडली आणि त्यांचं भाग्य उजळलं. फळ्यांच्या सरळ रेषा, खिळ्यांची डोकी, पोपडे निघालेला निळा रंग, दोरखंडाचे पीळ, आणि पुढच्या टोकाला पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं 'लक्ष्मीप्रसाद'. भिंतीत जे नव्हतं ते सगळं होडीत होतं. होडी जमनाबाईची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. तो म्हातारा तांडेल, होडीवरचा कप्तान, उभा जन्म त्याच होडीवर काढलेला. ही जमनाबाई शेजारीच बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालायची आणि साडूंचे उद्योग बघत बसायची. लेन्सला ती डोळा म्हणे.

"काय भाऊ, आज कुटला डोला आनला?"

"आज शंभरचा आहे, मावशी. जवळचं फार सुरेख बघतो."

"मंग माजा काडा की येक फोटू."

"काढू, काढू. आधी ही टेस्ट होऊ दे."

"माज्या सुनंचं बालंतपन झालं, पोर चालाया लागला, तुमची टेस काय होत नाय!" असं म्हणून ती मोठ्याने हसायची आणि आम्हाला चार बोंबील जास्त घालायची.

एकदा साडूंनी डोळे ओळखून आपोआप नेम धरणारा एक नवा कॅमेरा कुणाकडून तरी मागून आणला. मांडवावर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेले असतात. कॅमेरा तिकडे वळला मात्र, पडद्यावर प्रत्येक बोंबलाच्या तोंडावर हिरवी चौकट! साडू थक्क. जमनाबाई येऊन पडद्यात बघते तर काय, एका कडेला ती स्वतः उभी, आणि तिच्या तोंडावर चौकटच नाही. "अरं द्येवा, बोंबलाला वलकला, मला नाय वलकला!" ती हसून हसून वाळूतच बसली. घरी येईस्तोवर साडू त्या कॅमेऱ्याशी बोलले नाहीत.

तर असे आमचे हसण्याखिदळण्याचे दिवस चालले होते. मग एका रविवारी संध्याकाळी साडू अचानक पालघरला आमच्या दारात उभे राहिले. त्यांचा गळा रिकामा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना कॅमेऱ्याशिवाय बघत होतो. मला वाटलं, कुणी गेलं.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "होडी गेली."

होडी जुनी झाली होती, तळाची फळी कुजली होती. जमनाबाईचे दोन्ही मुलगे कुंभवलीला कारखान्यात लागलेले. समुद्रावर जाणारं घरात कुणी उरलं नव्हतं आणि तांडेलाच्या पाठीत आता जोर नव्हता. शेवटी होडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ती मोडायला दिली. लाकूड टेम्पोत घालून नेलं. तेव्हापासून तांडेल जिथे होडी असायची त्या जागेकडे तोंड करून दिवसभर वाळूत बसून राहतो. कुणाशी बोलत नाही. ताट समोर ठेवलं तर दोन घास चिवडतो आणि दूर सारतो. जमनाबाईने साडूंचा हात धरला आणि म्हणाली, "भाऊ, आता टेस पुरे. येक फोटू द्या होडीचा. भितीला लावते. घरात होडी दिसली तं मानूस घरात तरी बसंल, दोन घास खाल." मुलांच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत की, असं साडू म्हणाले, तर ती म्हणाली, "त्यात पोरंच हायत. होडी कुटं दिसते?"

"मग द्या की," मी म्हणालो. "तुमच्याकडे तर शेकडो असतील."

साडू माझ्याकडे बघतच राहिले. "साडूभाऊ, मी घरी जाऊन सगळे उघडले. खिळे आहेत. दोर आहे. लक्ष्मीप्रसादचा 'ल' आहे, एकेका लेन्सने काढलेला. होडी नाहीये हो. एकाही फोटोत अख्खी होडी नाहीये."

एरवी मी या प्रसंगाची वर्षभर पुरेल एवढी थट्टा केली असती. पण त्यांचा चेहरा बघून मला खरोखर वाईट वाटलं. चांगला माणूस आपल्याच चांगल्या सवयीत असा अडकलेला बघवत नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरात हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलं आणि फरशीवर होडी बांधायला काढली. साडूंनी स्टुडिओतून फोटोंच्या ढीगभर प्रती काढून आणल्या होत्या. आम्ही तिघं, साडू, मेहुणी आणि मी, गुडघ्यांवर रांगत होतो. एका फोटोत खिळा ताटाएवढा, तर दुसऱ्यात अख्खी फळी हाताएवढी. ते सगळं मापात आणायला साडूंना कितीतरी प्रती पुन्हा काढून आणाव्या लागल्या. रंगांचा तर आनंदच होता. जुन्या लेन्सने काढलेला तुकडा हळद लागल्यासारखा पिवळा, त्याच्या शेजारी नव्या लेन्सचा गारठलेला निळा. सकाळची सावली दुपारच्या उन्हाला चिकटलेली. एका तुकड्यात भरतीचं पाणी, लगतच्या तुकड्यात कोरडी वाळू. मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ही होडी आहे की गोधडी?"

तिथे साडूंचा धीर सुटला. ते खुर्चीत बसले. "हे मी बाहेर देऊ शकत नाही," ते म्हणाले. "एक रंग दुसऱ्याशी जुळत नाही. एक रेष सरळ नाही. ह्यावर मी सही कशी करू?"

मेहुणी तशी शांत बाई. तांदळातल्या लेन्सा तिने हसत सोसल्या होत्या. पण आज तिचा आवाज चढला. "तुमची सही मागितलीये कुणी? त्या माउलीने होडी मागितलीये. चिकटवा मुकाट्याने." साडू उठले आणि त्यांनी मुकाट्याने डिंकाची बाटली उघडली. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर तुकडे बसत गेले, आणि काय सांगू, लांबून बघितलं तर होडी दिसू लागली. वाकडी, रंगीबेरंगी, पण होडीच.

फक्त मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, परातीएवढी जागा कोरी राहिली. साडूंनी पिवळा कप्पा धुंडाळला, लाल धुंडाळला. त्या जागेचा एकही तुकडा निघाला नाही. "तिथे नेहमी काहीतरी हलत असायचं," ते पुटपुटले, "म्हणून मी तेवढी जागा सोडून देत असे." शेवटी ती जागा तशीच पांढरी ठेवून आम्ही फळी रिक्षात आडवी घातली आणि नवापूर गाठलं. रस्ताभर साडू मला न सांगता स्वतःशीच माफीची वाक्यं जुळवत होते.

जमनाबाईच्या ओटीवर फळी भिंतीला टेकवून उभी केली. ती बघून जमनाबाईने आधी तोंडावर हात ठेवला आणि मग वाळूकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. तांडेल आला, पण सावकाश, आल्यासारखं करायला. साडूंनी लगेच सुरुवात केली, "तांडेल, हे बरोबर नाही झालेलं. रंग वेगवेगळे आलेत, इथे जोड दिसतोय..." तांडेलाचं लक्ष नव्हतं. तो फळीसमोर उकिडवा बसला आणि बोटाने एकेक खिळा चाचपू लागला. "ह्यो मी मारलेला," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने तोंड उघडलं होतं. "ह्यी फली बदलली तवा पोरगा झाला." बोट नावावरून फिरलं, दोरावरून फिरलं, पिवळ्या तुकड्यावरून निळ्यावर गेलं, त्याला कुठलाच जोड लागला नाही. मग ते सुकाणूपाशी पांढऱ्या जागेवर येऊन थांबलं.

"आनि ह्यं?"

"तेवढाच भाग माझ्याकडे नाही," साडू म्हणाले. "माफ करा. तेवढाच राहिला."

तांडेल त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसा, म्हणाला, "तितं मी बसायचो."

जमनाबाईने पदर डोळ्यांना लावला. सगळे रविवार साडूंना एकदम आठवले असावेत: होडीच्या मागच्या टोकाला जाळं घेऊन बसलेला हा म्हातारा, आणि त्याला बाजूला ठेवून बेतलेली प्रत्येक चौकट. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. "तांडेल," ते म्हणाले, "जरा बसता का? तसेच. होडीवर बसायचात तसे."

तांडेल अंगणात आला. पालथ्या टोपलीवर तिरपा बसला, एक हात मागे नेऊन न दिसणाऱ्या सुकाणूवर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे न बघता समुद्राकडे बघू लागला. वाऱ्याने त्याचे पांढरे केस उडत होते, छाती वरखाली होत होती. साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खूप वेळ झाला तरी खटका ऐकू येईना. मला वाटलं, फोकस लागत नसेल. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय झालं?"

"थांबा, साडूभाऊ," ते कॅमेऱ्यामागूनच म्हणाले. "काही दिसत नाहीये मला."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने खटका वाजला, एकदाच. आतून जमनाबाईने हाक दिली, "जेवून जावा समदी, कालवन झालाय." आम्ही नको नको म्हणत होतो, तेवढ्यात तांडेल टोपलीवरून उठला, हात झटकले आणि ओटीवर पाय टाकत म्हणाला, "मलापन वाड." जमनाबाई हातातला डाव तसाच धरून क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग तिने ताटं मांडली.